तापलेली नळी आणि दस्त्यावरचं पॉलिश

चाळीस-पन्नास गोळ्या लागोपाठ झाडल्या की रायफलच्या नळीला हात लाववत नाही. नळीखालचं लाकूड, म्हणजे दस्ता, मात्र खुशाल धरता येतो. तरी काही जुन्या रायफलींच्या बाबतीत एक वेगळाच अनुभव येतो. तळवा दस्त्याला किंचित चिकटतो आणि हात सोडवला की चकाकत्या पृष्ठावर बोटांचे ठसे उमटलेले दिसतात. लाकडाला काहीच झालेलं नसतं, मऊ पडलेलं असतं ते पॉलिश.

जुन्या सोव्हिएत मोसिन-नागां रायफलींमध्ये हे हमखास आढळतं. दुसऱ्या महायुद्धानंतर डागडुजी करताना त्यांतल्या अनेकींच्या दस्त्यांना लाखेचं पॉलिश दिलं गेलं. लाख म्हणजे किड्यांनी फांदीवर स्रवलेली राळ. स्पिरिटमध्ये विरघळवून तिचा हात मारला की स्पिरिट उडून जातं आणि सुंदर तांबूस झळाळी मागे राहते. पण तिचे रेणू एकमेकांना बांधलेले नसतात, नुसते बिलगून बसलेले असतात. तापमान ७० अंश सेल्सिअसच्या आसपास गेलं की ते एकमेकांवरून सरकू लागतात. स्पिरिटचे रेणू मध्ये घुसले तरी तसंच होतं. म्हणून लाख उष्णतेनेही मऊ पडते आणि स्पिरिटनेही विरघळते. कारण एकच: गाठी नाहीत.

एवढं कळलं की जुन्या पॉलिशची ओळख पटवणं सोपं जातं. गोळ्या काढून घ्याव्यात, चेंबर (गोळी बसते ती जागा) रिकामं असल्याची डोळ्यांनी खात्री करावी, नळी आणि यंत्रणा दस्त्यापासून वेगळी करावी. मग दस्त्याच्या मागच्या पत्र्याखालच्या, एरवी न दिसणाऱ्या जागी स्पिरिटचा बोळा मिनिटभर दाबून धरावा. पृष्ठ चिकट झालं आणि कापूस तांबूस झाला, तर ती लाख. तसं न होता थिनरने विरघळलं, तर लॅकर, म्हणजे थिनरमध्ये कालवून लावायचं पॉलिश. लॅकरच्या रेणूंनाही गाठी नसतात. दोन्हींना दाद न देणारा थर बहुधा गाठी मारलेल्या जातीचा असतो.

गाठी मारणारं सर्वांत जुनं द्रव्य म्हणजे जवसाचं तेल. आपण म्हणतो तेल ‘वाळलं’, पण त्यातून पाण्यासारखं काही उडून जात नाही. उलट ते हवेतला ऑक्सिजन घेतं आणि वजनाने वाढतं. जवसाच्या तेलात निम्म्याच्या आसपास लिनोलेनिक आम्ल असतं आणि त्याच्या साखळीत तीन दुहेरी बंध असतात. ऑक्सिजन तिथे शिरतो, शेजारच्या साखळ्या एकमेकींना जोडल्या जातात आणि पातळ तेलाचं घट्ट जाळं होतं. कच्च्या तेलाला यासाठी दिवसचे दिवस लागतात. रंगारी ज्याला बेलतेल म्हणतात, त्यात कोबाल्ट किंवा मँगनीजचे क्षार घालून हा वेग वाढवलेला असतो. टुंग झाडाच्या बियांचं तेल याहून सरस. त्यातल्या आम्लाचे तीन दुहेरी बंध एकाआड एक असे ओळीने बसलेले असल्याने जाळं लवकर आणि दाट विणलं जातं, पाणीही त्यात कमी शिरतं. अमेरिकेच्या एम-१ गरँड रायफलीचे दस्ते आधी जवसाच्या आणि पुढे टुंगच्या तेलात बुडवले जात.

इथे थोडं थांबायला हवं, कारण या कामातला खरा धोका बंदुकीत नसतो, तो तेलाच्या चिंधीत असतो. ऑक्सिजनशी होणाऱ्या या संयोगात उष्णता बाहेर पडते. दस्त्यावर ती हवेत विरून जाते. चुरगाळून कोपऱ्यात टाकलेल्या चिंधीत मात्र तिला वाट मिळत नाही. उष्णतेने वेग वाढतो, वेगाने उष्णता वाढते आणि काही तासांत चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. २३ फेब्रुवारी १९९१ रोजी फिलाडेल्फियातल्या ‘वन मेरिडियन प्लाझा’ या ३८ मजली इमारतीला आग लागली, ती जवसाच्या तेलाने माखलेल्या अशाच चिंध्यांपासून. त्यात तीन अग्निशामक जवानांचा मृत्यू झाला. चिंधी पूर्ण पसरून उघड्यावर वाळवावी किंवा पाण्याने भरलेल्या झाकणाच्या डब्यात टाकावी. यात हयगय नको.

उष्णतेला टिकण्यात तेलाच्याही पुढे जातं ते दोन भाग मिसळून लावायचं पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश. हार्डनर मिसळताच गाठी पडू लागतात आणि आठवडाभरात थर पुरता कडक होतो. नंतर तो वितळतच नाही. हार्डनरमधली आयसोसायनेटं फुप्फुसांना घातक असल्याने फवारताना साधा कापडी मास्क पुरत नाही. एपॉक्सी ही दोन भाग मिसळायची राळही गाठींचीच, पण घरच्या तापमानाला जमलेली साधी एपॉक्सी ५०-६० अंशांनंतर रबरासारखी लवचीक होऊ लागते. गाठी असणं आणि ताठ राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

‘५०० अंशांना टिकणारा’ सिलिकोन रंग दस्त्याला का देऊ नये, असा प्रश्न पडू शकतो. तो धातूसाठी असतो. लाकडातलं हेमिसेल्युलोज २०० अंशांच्या आसपास मोडू लागतं आणि ३०० च्या जवळपास लाकूड कोळशाकडे झुकतं. लाकडापेक्षा टणक रंग लाकडाला वाचवू शकत नाही. आणि सहसा त्याची गरजही पडत नाही, कारण पोलादाच्या तुलनेत लाकडातून उष्णता शेकडो पट सावकाश वाहते.

घासकाम नेहमीचंच: १८० चा पेपर, मग २२०, मग ३२०, नेहमी रेषेच्या दिशेने. पोचे मात्र घासून काढू नयेत. पोच्यावर ओलं फडकं ठेवून गरम इस्त्री क्षणभर टेकवावी. दबलेले तंतू वाफ पिऊन फुगतात आणि खळगा डोळ्यांदेखत वर येतो. तुटलेले तंतू मात्र परत येत नाहीत.

पॉलिशचे हात पातळ द्यावेत आणि नळी बसते त्या खाचेत ते आठवणीने द्यावेत. बाहेरून चकचकीत आणि आतून कोरा दस्ता एकाच बाजूने दमट हवा पितो, वाकतो आणि नळीला ढकलतो. मग नेम सरकतो. सगळं पुरतं वाळल्यावर नळी बसवावी आणि कागदाची पट्टी नळी व लाकूड यांच्यामधून टोकापासून मागे सरकवत न्यावी. काही लष्करी रायफलींत टोकाशी लाकडाचा दाब मुद्दाम ठेवलेला असतो, त्या जागेला हात लावू नये. इतरत्र पूर्वी मोकळी सरकणारी पट्टी आता अडत असेल, तर थर तिथे जाड झाला आहे. तेवढाच भाग ३२० च्या पेपरने घासावा, एक पातळ हात द्यावा आणि वाळल्यावर पट्टी पुन्हा फिरवून पाहावी.