अमूर्त चित्र फ्रेमला देताना

अमूर्त चित्र घेऊन दुकानात येणारे बरेच जण आधी विचारतात, "यात नेमकं काय काढलंय?" अर्थ लावण्याचा हक्क तुमचा. पण चित्र कसं घडलं ते त्याच्या पृष्ठभागावर दिसतं, आणि फ्रेम कशी करायची हे आम्ही त्यावरूनच ठरवतो.

अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे यांचं उदाहरण घ्या. नागपुरात १९२४ साली जन्म, १९४८ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टची पदविका, पुढे दिल्लीत मुक्काम. वर्षाकाठी मोजकीच चित्रं करत. बाकीचा वेळ चिंतनात. कॅनव्हाससमोर आले की हातात रोलर आणि पॅलेट नाइफ, म्हणजे रंग पसरवायची बोथट सुरी. तैलरंगाचे थर द्यायचे, खरवडायचे, ओल्या रंगावर फाडलेल्या कागदाचे आकार ठेवून उचलायचे. कागदाबरोबर थोडा रंग निघून येतो आणि आतला थर उजळ होऊन वर दिसू लागतो. असं काम समोरून नव्हे, खिडकीजवळ बाजूने उजेड पडेल असं धरून पाहा. केवढी खोली असते त्यात!

अशा पृष्ठभागाला काच टेकली की घात झाला. तैलरंग हवेतला प्राणवायू घेत हळूहळू कडक होतो. वरून सुकलेला वाटला तरी जाड थर आत कित्येक महिने ओला असतो. त्यामुळे कॅनव्हासला आम्ही शक्यतो काच लावतच नाही. चित्र आणि चौकट यांच्यात चारी बाजूंनी बोटभर मोकळी जागा सोडून फ्लोटर फ्रेम करतो, म्हणजे कडेपर्यंत गेलेला रंगही झाकला जात नाही. कागदावरच्या कामाला काच हवीच, पण मध्ये माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट, घालून.

पावसाळ्यात कॅनव्हास सैल पडला म्हणून मागच्या लाकडी चौकटीच्या कोपऱ्यांतल्या, कॅनव्हास ताणणाऱ्या पाचरी लगेच ठोकू नका. हवा कोरडी झाली की तो पुष्कळदा आपोआप ताणला जातो. ओल येणाऱ्या भिंतीवर मात्र चित्र लावूच नका, बुरशी मागून चढते.

शिल्पांबद्दल एक कळकळीची विनंती. ब्राँझचा काळपट, हिरवट रंग म्हणजे मळ नव्हे. ओतकाम झाल्यावर धातू तापवून, त्यावर रसायनं लावून शिल्पकाराने तो मुद्दाम आणलेला असतो. एका ताईंनी दिवाळीत तांब्या-पितळेच्या भांड्यांबरोबर शिल्पही चिंचेने घासलं. लखलखीत झालं, पण आकाराच्या खाचांमधली सावली गेली. ती आम्हाला परत आणता आली नाही. मऊ, कोरड्या ब्रशने धूळ झटकली की पुरे.

चित्र आणाल तेव्हा त्याची मागची बाजू पुसू नका. सही, साल, वरची बाजू दाखवणारा बाण बहुतेक वेळा तिथेच असतो. तो नसेल तर चित्रकाराला फोन करून वरची बाजू विचारून या. हुक आम्ही त्यानंतरच ठोकू.