द्राक्षाच्या तारेला टर्नबकल की रॅचेट?

तासगाव, मिरज, पलूस, कुठेही दुकानात "तार ताणायचं द्या" म्हटलं की हातात टर्नबकल पडतो. तो ओळीत लावला जातो आणि माल भरला की तारा लोंबायला लागतात. दरवर्षी हेच चाललंय.

टर्नबकल सगळ्यांच्या ओळखीचा: मधे चौकट, एका बोल्टला उजवे आटे, दुसऱ्याला डावे. चौकट फिरवली की दोन्ही आत येतात. रॅचेटमध्ये आडव्या दांड्याच्या भोकातून तार ओवायची, पान्याने गुंडाळायची, खटका दात्यात अडकतो. वजन, रंग, चकाकी यांत डोकं घालू नका.

घोळ होतो तो धावेत, म्हणजे टर्नबकल किती लांबी आत ओढू शकतो त्यात. 10 गेजची 100 मीटर तार दीडशे किलोच्या ओढीने ताणली तर ती स्वतःच जवळपास 9 सेंटिमीटर लांबते. वर भेंडोळ्याचा बाक सरळ होतो, कडेचे पीळ आवळतात, कडेचा अँगल, म्हणजे ओळीच्या टोकाचा लोखंडी खांब, थोडा आत झुकतो. आता टर्नबकलला दोन्ही बाजूंना 5-5 सेंटिमीटर आटे असतील तर एकूण धाव 10 सेंटिमीटर. संपली! त्यात पहाटेच्या थंडीत ताणलेली तार तापमान 30 अंशांनी चढल्यावर आणखी साडेतीन सेंटिमीटर वाढते. बोल्ट मधे भिडलेले आणि तार सैलच. मग सोडा, पीळ उकला, तार कापा, पुन्हा बांधा. रॅचेटला हे दुखणंच नाही. दांड्यावर जागा आहे तोवर तार गुंडाळत राहते. पुढच्या हंगामात दोन-चार दाते फिरवले की झालं. म्हणून ओळीत रॅचेटच.

टर्नबकलची जागा कडेच्या अँगलच्या बाहेरच्या ताणावर, म्हणजे त्याला बाहेरून ओढून धरणाऱ्या तारेवर. तिथे तार आखूड असते, ताण बारीक जुळवायचा असतो, आणि रॅचेट तर एकेक दाताच पुढे सरकतं. पण टर्नबकल उघडून लावा; बंद लावून वर पान्याशी झटापट करणारे बघवत नाहीत. उघडताना आटे चौकटीत पुरेसे अडकलेले राहू द्या. शेवटी चौकटीतून तारेचा तुकडा ओवून बांधा, नाहीतर वाऱ्याच्या थरथरीने ती उलटी फिरते.

घेताना दुकानातच फिरवून पाहा. जस्तात बुडवल्यावर आटे साफ केले नसतील तर चौकट तिथेच अडते. रॅचेटचा खटका दात्याच्या टोकावरच टेकत असेल तर ते परत ठेवा. ओढीखाली तो निसटला की पाना मनगटावर येतो.