एका दस्त्याला नळ्या किती?

निवडणूक आटोपली की पोलीस ठाण्यात जमा केलेल्या बंदुका परत आणायला गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या बागायतदारांची धावपळ सुरू होते. काजू आणि सुपारीच्या बागेत डुकरं शिरतात, ती आचारसंहिता पाळत नाहीत. मी शाळेत असताना अशाच एका दिवशी आजोबा आणि शेजारचे काका आपापल्या बंदुका घेऊन आमच्या सोप्यावर बसले होते. दोन्ही बंदुका बारा बोअरच्या (बोअर म्हणजे नळीच्या पोकळीचं माप), एकनळी, एकाच कारखान्यातल्या. दोघांनी त्या उघडल्या, नळ्या सुट्या केल्या, घोंगडीवर मांडल्या आणि तेलाचं फडकं फिरवायला घेतलं. मध्येच चहा आला, सुपारीच्या भावावरून वाद झाला, आणि जोडताना नळ्यांची अदलाबदल झाली.

काकांची बंदूक मिटेचना. आजोबांची मिटली, पण हलवली की आत काहीतरी खुळखुळायचं. दिसायला जुळ्या असलेल्या दोन नळ्या, आणि एकीचं दुसरीच्या घरी जमेना.

एकाच फ्रेमवर, म्हणजे चाप आणि घोडा बसवलेल्या लोखंडी सांगाड्यावर, वेगवेगळ्या नळ्या बसवायच्या, म्हणजे छर्ऱ्याची बंदूक आणि रायफल दोन्ही कामं एका दस्त्यात भागतील, ही कल्पना जुनी आहे. ती एका देशात सहज रुजली, दुसरीकडे कारखान्याच्या दारातच अडली आणि आपल्याकडे कागदावरच राहिली. त्याचं मूळ त्या सोप्यावरच्या खुळखुळाटात आहे.

आधी नळीची मागची बाजू समजून घ्यायला हवी. तोड्याची किंवा ठासणीची बंदूक तोंडातून भरायची, त्यामुळे नळीचं मागचं टोक कायमचं बंद असे. ते बंद कसं करायचं हा लोहारासमोरचा सगळ्यात अवघड प्रश्न, कारण स्फोटाचा दाब तिथेच मागे रेटतो. या बाबतीत गोव्याचं नाव फार आधी कागदावर आलं आहे. गोवा जिंकणाऱ्या आफोन्सो द अल्बुकर्कने १५१३ मध्ये पोर्तुगालच्या राजाला कळवलं की गोव्याचे कारागीर युरोपातल्या बोहेमियाच्या तोडीच्या बंदुका करतात आणि त्यांच्या नळीचं बूड मळसूत्राने बसवलेलं असतं. शहर हाती येऊन तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती. म्हणजे ही कारागिरी पोर्तुगीज येताना घेऊन आले नव्हते, ती आधीपासून इथे होती. पुढे १५४३ मध्ये पोर्तुगीज जपानच्या तानेगाशिमा बेटावर उतरले, तेव्हा तिथल्या लोहाराने त्यांची बंदूक पाहून हुबेहूब दुसरी केली, पण तोही याच बुडाच्या मळसूत्रावर अडला अशी तिकडची परंपरागत कथा आहे. रायबंदरहून जुन्या गोव्याकडे जाताना पणेलीला पोर्तुगीजांचा बंदुकीच्या दारूचा कारखाना होता, त्या रस्त्याने गेलो की मला हे बूड हटकून आठवतं.

मळसूत्राने बूड घट्ट केलेली नळी स्वयंपूर्ण असते. दस्ता तुटला तर सुतार दुसरा करतो, चाप बिघडला तर दुसरा बसतो. नळीला कुणाची गरज नसते.

हे चित्र पॅरिसमध्ये बदललं. कासिमिर लफोशो या बंदूककाराने १८३० च्या दशकात बिजागरीवर खाली झुकणारी नळी आणि तिच्यात मागून घालायचं काडतूस पुढे आणलं. १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात ही बंदूक मांडली गेली आणि इंग्रज कारागिरांनी ती नीट न्याहाळली. भरायला सोपी हा तिचा गुण सगळ्यांनाच दिसला. पण माझ्या मते खरी उलथापालथ वेगळीच होती. मागची भिंत नळीतून निघून फ्रेमवर गेली. नळी आता दोन्ही बाजूंनी उघडी झाली, आणि तिचं बूड दुसऱ्याच वस्तूच्या अंगावर राहिलं. दोघींची गाठ घट्ट बसली तर बंदूक, नाहीतर नुसता पाइप.

ही गाठ तीन ठिकाणी पडते. नळीखालचा आकडा बिजागरीच्या खिळीवर टेकतो, नळीची मागची कड फ्रेमच्या भिंतीला भिडते आणि खालचा खटका नळीला वर उचलू देत नाही. यातलं एक जरी केसभर चुकलं तरी काडतुसाच्या बुडामागे फट राहते. बार उडताना काडतूस मागे सरकतं आणि पितळ फाटू शकतं. बारा बोअरच्या काडतुसात दाब चौरस सेंटिमीटरला सुमारे आठशे किलोपर्यंत जातो. ‘थर्टी ओ सिक्स’सारख्या रायफलीच्या काडतुसात तो त्याच्या पाचपटीहून जास्त असतो. छर्ऱ्याच्या बंदुकीच्या फ्रेमवर रायफलीची नळी बसली, तरी ती चालवावी असं नाही, ते यामुळेच.

इंग्रजांनी फट मिटवायचं काम हाताने केलं. जेम्स पर्डीचा दुहेरी खालचा बोल्ट १८६३ चा, अँसन आणि डीली यांची बाहेर घोडा नसलेली रचना १८७५ ची. रचना कोणाचीही असो, शेवटी नळी फ्रेमला बसवायची ती दिवा आणि कानस घेऊन. हे काम मी एकदा बेळगावला एका परवानाधारक मिस्त्रीकडे पाहिलं. झिजलेल्या बिजागरीत त्याने नवी, किंचित जाड खीळ घातली होती. मग रॉकेलच्या चिमणीची ज्योत मोठी करून नळीखालच्या आकड्यावर काजळी धरली, नळी मिटली, उघडली आणि उजेडाला धरली. काळ्या पृष्ठभागावर दोन बारीक ठिपके चकाकत होते. ‘चमकतंय तिथंच घासायचं. काळं राहिलं तिथं हात लावायचा नाही,’ तो म्हणाला. कानशीचे चार हलके हात, पुन्हा काजळी, पुन्हा मिटणं. चकाकी ठिपक्यांची रेघ झाली, रेघेचा पट्टा झाला. जेवणाची वेळ टळून गेली तरी तो एकाच आकड्यावर होता. शेवटी त्याने विडीच्या पुड्याचा पातळ कागद मध्ये घालून बंदूक मिटली आणि तो ओढून पाहिला. निघाला नाही, तेव्हा कुठे हात पुसले.

अशा रीतीने बसवलेली नळी त्या एका फ्रेमचीच होते. संस्थानिकांच्या आणि गोऱ्या साहेबांच्या पेट्यांत एका बंदुकीला नळ्यांच्या दोन जोड्या असत. एक छर्ऱ्याची, एक गोळीची. पण दुसरी जोडी बाजारातून घेतलेली नसे. त्याच कारागिराने त्याच फ्रेमवर तितक्याच काजळीने ती बसवलेली असे, आणि बिलही तसंच असे. हा खर्च टाळायला दुसरी युक्ती निघाली. हिंदुस्थानात सैन्यात असलेल्या जॉर्ज फॉस्बेरी यांनी १८८५ मध्ये गुळगुळीत नळीच्या फक्त तोंडाशी आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा, पाडण्याचं पेटंट घेतलं, आणि हॉलंड अँड हॉलंडने ती बंदूक ‘पॅराडॉक्स’ नावाने विकली. एकाच नळीतून छर्रेही आणि गोळीही, मग बदलायचं कशाला?

अमेरिकेत मात्र विचार दुसऱ्या टोकाने झाला. हार्पर्स फेरीच्या सरकारी कारखान्यात जॉन हॉल यांनी १८२० च्या दशकात अशा रायफली केल्या की कुठल्याही बंदुकीचा सुटा भाग कुठल्याही दुसरीला बसावा. कानशीऐवजी साचे, मापं आणि यंत्रं. या वातावरणात वॉशिंग्टनमधल्या एका दाताच्या डॉक्टरला बंदुकांचं वेड लागलं. एडवर्ड मेनार्ड त्यांचं नाव. त्यांनी १८४५ मध्ये कागदी पट्टीत बारुदाचे ठिपके घालून चापाला जोडले. दिवाळीत मुलं उडवतात त्या टिकल्यांचा रोल डोळ्यासमोर आणा, तीच तऱ्हा. १८५१ मध्ये त्यांनी झुकत्या नळीची, पितळी काडतुसाची बंदूक पेटंट केली. यादवी युद्धात उत्तरेच्या सरकारने अशा सुमारे वीस हजार घेतल्या. युद्ध संपल्यावर खप कुठला? तेव्हा मॅसॅच्युसेट्स आर्म्स कंपनीने तीच रचना शिकाऱ्यांना आणि नेमबाजांना विकायला काढली, आणि सोबत वेगवेगळ्या बोअरच्या जादा नळ्या. खीळ काढायची, नळी उतरवायची, दुसरी लावायची. एका फ्रेमवर ससा आणि हरीण दोघांची सोय व्हावी, हे माझ्या माहितीप्रमाणे पहिल्यांदा सर्वसामान्य गिऱ्हाइकाला परवडण्याजोगं झालं ते इथे.

विसाव्या शतकात या गोष्टीचे दोन धागे झाले, आणि दोन्ही अमेरिकेच्या ईशान्येकडच्या न्यू इंग्लंड भागातच.

पहिला हॅरिंग्टन अँड रिचर्डसनचा. १८७१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर गावी सुरू झालेली ही कंपनी स्वस्त, दणकट एकनळीसाठी प्रसिद्ध. शेतकऱ्याच्या दारामागे टांगलेली बंदूक ती हीच. ती १९८६ मध्ये बंद पडली, पुढच्या वर्षी न्यू इंग्लंड फायरआर्म्स या नावाने तिचा वारसा गार्डनर गावात पुन्हा सुरू झाला, २००० मध्ये मार्लिनने तो घेतला, आणि काही वर्षांत मार्लिनसकट तो रेमिंग्टनच्या छत्राखाली गेला. तिथे जादा नळ्यांची योजना होती, पण अट अशी की गिऱ्हाइकाने आपली फ्रेम कारखान्यात पाठवायची. कारखान्यात नळी त्या फ्रेमवर घासूनपुसून बसवायची आणि मगच परत धाडायची. अडवणूक वाटावी अशी ही अट, पण कारण रचनेत होतं. खटका फ्रेममध्ये, आणि तो नळीखालच्या पायरीवर चढून बसायचा. किती चढतो, किती कोनात टेकतो, हे प्रत्येक फ्रेमचं निराळं. यंत्रावर झालेली स्वस्त बंदूक, आणि तिची शेवटची गाठ मात्र हातानेच. त्यातही छर्ऱ्याच्या नळ्यांची फ्रेम वेगळी आणि रायफलीच्या दाबाची पोलादी फ्रेम वेगळी. पहिलीवर रायफलीची नळी कारखाना बसवून देत नसे. २०१५ मध्ये हे उत्पादन थांबलं.

दुसरा धागा वॉरन सेंटर या कारागिराचा. न्यू हॅम्पशरमधल्या रॉचेस्टर गावात के. डब्ल्यू. थॉम्पसन टूल कंपनीसोबत त्यांनी १९६७ मध्ये ‘कंटेंडर’ हे एकबारी पिस्तूल बाजारात आणलं. नळी बदलण्यासाठी ना मिस्त्री, ना टपालाने पाठवणी. घरच्या मेजावर काही मिनिटांचं काम. गोम एका जागी आहे. कुलपाचे बोल्ट त्यांनी फ्रेममधून काढून नळीच्याच पोटाखाली बसवले. म्हणजे झिजणारी, जुळवावी लागणारी वस्तू नळीबरोबर ये-जा करते, आणि नेम धरायची माशीही नळीवरच. वेगवेगळ्या काडतुसांना केंद्रात किंवा कडेला ठोका लागतो, त्यासाठी घोड्यातच निवड करायची सोय. फ्रेमकडे उरलं काय? भिंत, खीळ आणि चाप. हॅरिंग्टनच्या तुलनेत हा मला अस्सल शहाणपणा वाटतो. काजळी टाळता येत नसेल, तर ती लागणारी जागा नळीवर हलवा.

पण तंत्र सुटलं तिथे कायदा उभा राहिला. अमेरिकेच्या १९३४ च्या कायद्यानुसार सोळा इंचांपेक्षा आखूड नळीची रायफल करायची तर नोंदणी, आणि २०२५ अखेरपर्यंत दोनशे डॉलर करही लागे. कंपनीने कंटेंडर पिस्तुलासोबत खांद्याला लावायचा दस्ता आणि एकवीस इंची नळी असा संच विकायला काढला. सरकार म्हणालं, या सुट्या भागांतून आखूड नळीला लांब दस्ता लावून कर लागणारी वस्तूही जोडता येते, तेव्हा कर भरा. कंपनीने कर भरला आणि परताव्यासाठी दावा लावला. १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. भाग कायदेशीर बंदुकीसाठीही लागतात, आणि कायदा संदिग्ध असेल तर फायदा नागरिकाला, असा त्याचा सूर होता. तिकडे मुळात बंदूक म्हणजे फ्रेम. नंबर तिच्यावर, नोंद तिची, नळी हा सुटा भाग.

युरोपात उलट. युरोपीय संघाच्या नियमांत नळी हाही शस्त्राचा आवश्यक भाग मानला आहे, त्यामुळे जर्मन शिकाऱ्याची बदली नळी त्याच्या नोंदीत वेगळी चढते. इंग्लंडमध्ये नळीची दाबचाचणी करून शिक्का मारायची प्रथा फार जुनी. बर्मिंगहॅमचं चाचणीगृह १८१३ च्या कायद्याचं आहे.

आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याने शस्त्राच्या व्याख्येत त्याचे भागही घेतले आहेत. म्हणजे सुटी नळी कपाटात पडली आहे एवढ्यानेही प्रश्न उभा राहतो. परवान्याशिवाय नळी आखूड करायलाही बंदी आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाकडच्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. त्यात शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संपली, मग ससा आणि हरणासाठी वेगळ्या नळ्या ठेवायचं कारणही उरलं नाही. सत्तरी, सांगे, काणकोणातल्या बागायतदाराला बंदूक हवी ती डुकराला आणि माकडाला पिटाळायला, आणि त्यासाठी एका नळीचा बार पुरतो. परवान्याच्या अर्जावर ‘एसबीबीएल, १२ बोअर’ असं लिहितात, म्हणजे एकनळी, मागून भरायची. काडतूस हा शब्द पोर्तुगिजांकडून आला म्हणतात. परवान्याची ही आद्याक्षरं मात्र इंग्रजांची.

त्या दिवशी सोप्यावर काकांनी नळी जोराने मिटवायला हात उगारला, तेव्हा आजोबा ओरडले, ‘अरे, थांब, ती तुझी नव्हे.’ दोघांनी पुन्हा सगळं सुटं केलं. आजोबांना जवळचं दिसत नसे, म्हणून मला बोलावलं. पुढचं लाकूड काढून नळीच्या पोटाखाली बोट ठेवायचं आणि तिथला नंबर मोठ्याने वाचायचा, मग फ्रेमवरचा वाचायचा. चार नंबर वाचले, दोन जोड्या लागल्या. आजोबांनी खणातून परवान्याचं पुस्तक काढून खात्री करून घेतली. तिथे तो नंबर एकदाच लिहिलेला होता.