गावकुसाबाहेरची वस्ती (विदर्भ)

जातीच्या रूढीने मुख्य गावापासून तोडून वसवलेली घरे. कूस म्हणजे गावाभोवतीची भिंत किंवा कुंपण. विदर्भातल्या बहुतेक गावांत ती भिंत आता दिसत नाही, तरी ती कुठून जाते हे गावातले लहान पोरही सांगते. इकडे अशा वस्तीला ‘पुरा’ म्हणतात: महारपुरा, मांगपुरा, चांभारपुरा. 1956 च्या नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर अनेक पुऱ्यांनी स्वतःहून भीमनगर, बुद्धनगर अशी नावे घेतली, मध्यभागी विहार बांधले. जातिवाचक नावे बदलण्याचा राज्य सरकारचा निर्णय त्यानंतर 64 वर्षांनी, डिसेंबर 2020 मध्ये आला. पारधी या भटक्या जमातीचे बेडे, म्हणजे वस्त्या, तर पुऱ्याहूनही लांब, माळावर.

पुऱ्याची जागा सहसा सखल, नाल्याकडेची. काळ्या मातीत पावसाळाभर चिखल असतो आणि पूर आला की पाणी आधी इथेच शिरते. विहीर वेगळी, मसणवटाही वेगळा.

इंग्रजी अमदानीतल्या जमीनव्यवस्थेने ही मांडणी मोडली नाही. वऱ्हाडात, म्हणजे पश्चिम विदर्भात, रयतवारी होती: शेतकरी थेट सरकारला सारा भरायचा. नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा (आजचे चंद्रपूर) या भागांत मालगुजारी: गावाचा सारा मालगुजार भरायचा आणि गावाची मालकी त्याच्याकडे असायची. मालगुजारी गावात आबादीची, म्हणजे घरे वसलेली, जमीनसुद्धा मालगुजाराची; भूमिहीन मजुराची झोपडी त्याच्या मर्जीवर टिकायची. 1951 मध्ये मालगुजारी गेली, पण घरे होती तिथेच राहिली. कुटुंबे वाढली आणि पुऱ्याला पसरायला जागा उरली नाही, कारण भोवती दुसऱ्यांची शेते. लोक मग सरकारी जमिनीवर सरकले: वऱ्हाडात ई-क्लासवर, म्हणजे सरकारी चराईच्या जमिनीवर, पूर्व विदर्भात झुडपी जंगलावर. ज्यांना गावाने गावात घर बांधू दिले नाही, त्यांनाच दप्तरात ‘अतिक्रमणधारक’ म्हणतात. हा शब्द अन्यायाचा आहे.

आजची विषमता याच जागेतून पुढे सरकते. घरकुल मंजूर झाले तरी पायाखालची जागा आपली असल्याचा कागद लागतो. ग्रामपंचायत नमुना 8 मध्ये, म्हणजे घरपट्टीच्या नोंदवहीत, घराची नोंद करते, करही घेते. पण त्या नोंदीने मालकी मिळत नाही. 2020 पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होऊन गावठाणातल्या, म्हणजे दप्तरात घरांसाठी ठरलेल्या हद्दीतल्या, घरांना मिळकत पत्रिका मिळू लागल्या. ती पत्रिका दाखवून बँकेत कर्ज मागता येते. गावठाणाच्या हद्दीबाहेरच्या घराला हा आधार नाही, मग लेकीच्या शिक्षणासाठी किंवा दवाखान्यासाठी सावकाराचेच दार.

सरकारी जमिनीवरची 1 जानेवारी 2011 पूर्वीची राहती घरे नियमित करण्याचे राज्याचे धोरण आहे. झुडपी जंगलाची गोष्ट जास्त अडलेली. नावात जंगल असले तरी ही बरीचशी खुरट्या झुडपांची, महसूल खात्याच्या ताब्यातली जमीन. तिच्यावर गावे, शाळा, स्मशाने आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या 12 डिसेंबर 1996 च्या आदेशानंतर ती वनजमीन धरली गेली आणि केंद्राच्या मंजुरीशिवाय पट्टे, म्हणजे जागेची हक्कपत्रे, देणे थांबले. 22 मे 2025 च्या निकालाने ती वनजमीनच असल्याचे पक्के केले, मात्र 1996 च्या त्या तारखेपूर्वी वाटप झालेल्या जागांसाठी मंजुरीची वाट मोकळी केली. आपले घर केव्हाचे, याचा पुरावा म्हणून जुनी करपावती हाती असणे त्यामुळे पुऱ्यातल्या माणसाला फार मोलाचे झाले आहे.