जपानी अक्षरांच्या तक्त्यात आपली वर्णमाला

जपानी शिकायला बसलेला माणूस पहिल्याच आठवड्यात बिचकतो, कारण एकाच वाक्यात तीन लिप्या नांदताना दिसतात: उच्चार लिहिणाऱ्या हिरागाना आणि काताकाना, आणि कांजी, म्हणजे चीनहून आलेली शब्दचिन्हं. मराठी माणसाने मात्र बिचकू नये, असं मला मनापासून वाटतं. हिरागानाच्या तक्त्यातले स्वर म्हणून बघा: अ, इ, उ, ए, ओ. मग ओळींची पहिली अक्षरं: क, स, त, न, ह, म, य, र, व. घशाकडून ओठांकडे, आणि शेवटी य, र, व. शाळेत घोकलेलाच क्रम आहे हा.

हा योगायोग नाही. संस्कृत मंत्र लिहिण्याची सिद्धम् लिपी बौद्ध भिक्षूंबरोबर जपानात पोचली. कूकाई हा भिक्षू ८०४ साली चीनला गेला आणि ८०६ मध्ये परतला, तो सिद्धम् मधले ग्रंथ घेऊनच. तिच्या अभ्यासातून जपानी पंडितांनी आपली अक्षरं या क्रमाने लावली.

दोन जागा तेवढ्या वेगळ्या दिसतात: च च्या जागी स आणि प च्या जागी ह. हा ह कसा आला? कारण फार पूर्वी जपानीत तो प च होता. त्याची खूण आजही लिपीत आहे. अक्षराच्या खांद्यावर दोन बारीक रेघा दिल्या की कठोर व्यंजन मृदू होतं: क चा ग, त चा द. ह ला त्याच रेघा दिल्या की मात्र ब होतो! ब हे प चं मृदू रूप, ह चं नव्हे. हे एकदा कळलं की ती ओळ वेगळी पाठ करावी लागत नाही.

पुस्तकं ज्यांना अपवाद म्हणतात, तेही आपल्या तोंडात आधीपासून आहेत. त च्या ओळीत त, चि, त्सु, ते, तो असा क्रम येतो. यातला चि म्हणजे ‘चिमणी’तला आणि त्सु म्हणजे ‘चुकला’तला चु. स च्या ओळीत सि ऐवजी शि येतो. हिंदीत ‘सीखना’ आणि मराठीत ‘शिकणे’, हिंदीत ‘सीना’ आणि मराठीत ‘शिवणे’. इ समोर आली की जीभ टाळूकडे सरकते, तिथेही आणि इथेही.

म्हणून रोज एक ओळ घ्यावी. मूळ अक्षरं ४६. दहा-बारा दिवसांत हिरागाना ओळखीची होते. अक्षरावर देवनागरी उच्चार लिहून ठेवायची सवय मात्र दुसऱ्याच दिवशी सोडा, नाहीतर डोळा कायम वरच जातो.

पुन्हा पुन्हा नुसतं वाचूनही भागत नाही. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो दुसऱ्यांदा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने आठवून लिहिणारे पुढे गेले. तेव्हा तक्ता झाका आणि कोऱ्या कागदावर ओळ लिहा. मग तीच ओळ उद्या, तीन दिवसांनी, आठवड्याने. मधली अंतरं वाढवत नेली की विसरणं मंदावतं.

काताकानात आवाज तेच, आकार कोनदार. परदेशी शब्द तिच्यात लिहितात. इथे हाताने लिहिणं मी तरी टाळू देणार नाही. शि आणि त्सु जवळपास जुळे दिसतात. फरक आहे तो रेघेच्या दिशेत. शि ची लांब रेघ खालून वर जाते, त्सु ची वरून खाली येते. नुसतं बघून हे लक्षात राहत नाही, हाताला मात्र राहतं.

कांजीचा आकडा ऐकून छाती दडपते: नेहमीच्या वापराच्या २१३६. पण जपानी मुलंसुद्धा प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांत १०२६ शिकतात आणि पहिलीत फक्त ८०. त्या ८० पासूनच सुरुवात करा. रोज दोन घेतल्या तर चाळीस दिवस. कांजीचे उच्चार सुटे पाठ करू नका, शब्दांतून शिका. डोंगराची कांजी एकटी असली की ‘यामा’, पण फुजीसानमध्ये तीच ‘सान’ होते. तो ‘सान’ म्हणजे माणसाच्या नावापुढचा आदराचा ‘सान’ नव्हे, डोंगरच.

आणि कांजीची फोड करून बघा, ती सुट्या भागांची असते. झाडाची कांजी चार रेघांची. दोन झाडं शेजारी काढली की राई, तीन झाडांचं रान. झाडाला टेकलेला माणूस म्हणजे विश्रांती. झाडाच्या बुंध्याशी एक आखूड आडवी रेघ मारली की ‘मूळ’. पुस्तकालाही हीच कांजी. तिच्या आधी सूर्य लिहा. ‘निहोन’, म्हणजे जपान, लिहून झालं, आणि या दोन्ही कांजी पहिलीच्याच यादीत आहेत.