सकाळी ट्रक उशिरा स्टार्ट होतो म्हणजे पंप गेला?

‘रात्रभर उभी गाडी सकाळी सेल्फ खात राहिली की डिझेल पंप गेला समजा’, हे गॅरेजमध्ये सर्रास ऐकू येतं. पंपही जातो, पण आधी डिझेलच्या लाइनमध्ये हवा शिरते का ते तपासा.

टाकीतलं डिझेल फीड पंप नावाचा छोटा पंप लाइनमधून ओढून घेतो. तिथला सैल जोड बाहेर ठिबकतोच असं नाही. तो हवा आत घेतो आणि रात्रीत डिझेल टाकीकडे उतरतं. म्हणून जमीन कोरडी दिसते.

सेल्फ मारण्याआधी हँड प्रायमर (हाताने डिझेल भरायचा छोटा पंप) घट्ट होईपर्यंत दाबा. गाडी लगेच स्टार्ट झाली, तर संशय लाइनवर. फिल्टरआधी पारदर्शक नळी लावून बुडबुडे बघा. तांब्याचे वॉशर, फिल्टरचं रबर तपासा. कॉमन रेलमध्ये (सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून जास्त दाबाने डिझेल देणारी पद्धत) मात्र इंजेक्टरचे पाइप सैल करून बघू नका, दाब जीवघेणा असतो.