शिकलेल्या मित्राला चंद्र समजावताना

अभियांत्रिकीची पदवी आहे, हिशेब चोख आहे, मोटारसायकलचं इंजिन उघडून परत बसवता येतं. आणि गप्पांच्या ओघात हाच मित्र बिनदिक्कत सांगून जातो, की चंद्र कमी-जास्त दिसतो तो पृथ्वीच्या सावलीमुळे. किंवा उन्हाळा येतो कारण त्या दिवसांत पृथ्वी सूर्याजवळ जाते. ऐकणारा थक्क होतो. मग एकतर हसतो, नाहीतर जागच्या जागी व्याख्यान झोडतो. दोन्हींतून निष्पन्न एकच: मित्र विषय बदलतो आणि मत होतं तिथेच राहतं.

थक्क होण्याचं खरं तर कारण नाही. १९८०च्या दशकात हार्वर्ड विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात २३ जणांना, त्यांत विद्यार्थी, माजी विद्यार्थी आणि प्राध्यापकही होते, ऋतू किंवा चंद्रकला कशामुळे होतात असं कॅमेऱ्यासमोर विचारलं गेलं. २१ जणांची उत्तरं चुकली, आणि तीही अगदी आत्मविश्वासाने. (पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर. सर्वांत दूर जाते जुलैच्या सुरुवातीला, सुमारे १५ कोटी २१ लाख किलोमीटरवर. नागपूरचा मे महिना या हिशेबात कुठेच बसत नाही.)

म्हणजे प्रश्न बुद्धीचा नाही. प्रश्न आहे तो ‘मला हे माहीत आहे’ या भावनेचा, आणि ती भावना कुठून येते हे मानसशास्त्रात बऱ्यापैकी उलगडलेलं आहे.

२००२ साली येल विद्यापीठातल्या लिओनिड रोझेनब्लिट आणि फ्रँक काइल यांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना चेन म्हणजे झिपर, कुलूप, शिवणयंत्र, फ्लशची टाकी अशा वस्तूंची यादी दिली आणि विचारलं, ‘ही वस्तू कशी चालते हे तुम्हाला किती समजलंय? १ ते ७ गुण द्या.’ लोकांनी सढळ हाताने गुण दिले. मग त्यांतल्या काही वस्तू कशा चालतात ते पायरी-पायरीने, कुठलाही टप्पा न गाळता लिहायला सांगितलं. लिहून झाल्यावर पुन्हा स्वतःला गुण द्यायचे होते. गुण घसरले. त्यानंतर नेमका एखादा खोचक प्रश्न विचारला, तसे ते आणखी घसरले. कोणी कुणाला चूक म्हटलं नव्हतं, माहितीही दिली नव्हती. आपल्याला हे येत नाही, हा शोध ज्याचा त्याला लागला.

या भ्रमाचा सर्वांत मोठा गुण असा, की तो सगळीकडे सारखा नसतो. देशांच्या राजधान्या, एखाद्या चित्रपटाचं कथानक, बिस्किटं भाजायची कृती यांच्या बाबतीत लोकांचा स्वतःबद्दलचा अंदाज बराच बरोबर निघाला. राजधानी आठवते किंवा नाही आठवत, तिथे फसायला जागा कमी. ज्यात कारणांची साखळी असते आणि साखळीचं एक टोक रोज डोळ्यांसमोर असतं, तिथे फसगत होते. वस्तू दिसते, वापरता येते, तिच्या भागांची नावं माहीत असतात. तेवढ्यावर मेंदू ‘समजलं’ असा शिक्का मारून मोकळा होतो.

वाचणाऱ्याने हे आत्ता स्वतःवर करून बघावं. प्रेशर कुकर कसा चालतो हे किती कळलंय, १ ते ७ गुण द्या. आता सांगा, शिट्टी झाल्यावर गॅस मोठा केला तर डाळ लवकर शिजते का? उत्तर नाही असं आहे. झाकणावरच्या वजनाने आतला दाब ठरतो, तो बाहेरच्या हवेच्या दाबाच्या साधारण दुप्पट असतो, आणि त्या दाबाला पाणी सुमारे १२० अंश सेल्सिअसला उकळतं. दाब त्याहून वाढू लागला की वजन उचललं जातं आणि वाफ निघून जाते. म्हणजे तापमान १२०च्या आसपासच अडकून राहतं. मोठ्या गॅसमुळे वाफ जास्त जाईल, पाणी लवकर आटेल, शिट्ट्या भराभर होतील, डाळ मात्र तेवढाच वेळ घेईल. शिट्ट्या मोजून स्वयंपाक करणाऱ्या घरांत हा खुलासा वादाचं कारण ठरू शकतो.

मित्राशी बोलताना नेमकी हीच युक्ती हाताशी येते. सर्वसाधारणपणे आपण विचारतो, ‘तुला असं का वाटतं?’ हा प्रश्न बिनकामाचा, खरं तर घातकच. ‘का’ विचारलं की माणूस वकील होतो. कुठे वाचलं, कोण म्हणालं, शाळेत कसं शिकवलं होतं, अशी कारणं गोळा करतो आणि गोळा करता करता स्वतःच जास्त पक्का होतो. त्याऐवजी ‘हे कसं घडतं, जरा क्रमाने सांग’ असं विचारावं. फिलिप फर्नबाक आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली सरकारी धोरणांबद्दल हे तपासलं. धोरण कसं काम करेल हे पायरी-पायरीने सांगायला लावल्यावर लोकांचा आत्मविश्वास उतरला आणि मतंही मवाळ झाली. ते का पटतं याची कारणं मागितल्यावर मतं मवाळ झाली नाहीत.

इथे एक सावधगिरी. २०२१ साली हेच प्रयोग दुसऱ्या संशोधकांनी काटेकोरपणे पुन्हा केले. समज कमी असल्याची जाणीव पुन्हा झाली, पण मतं मवाळ झाली नाहीत. म्हणजे ‘कसं’ या प्रश्नाने फाजील आत्मविश्वास उतरतो, निष्ठा उतरत नाही. मित्राचं मत पक्षाशी, जातीशी, पंथाशी बांधलेलं असेल तर ही युक्ती फारशी चालणार नाही. चंद्र, कुकर, लस शरीरात काय करते, मोबाइलच्या मनोऱ्यातून नेमकं काय निघतं, अशा विषयांत ती कामाची, कारण तिथे खरोखरच एक यंत्रणा असते आणि ती सांगताना अडखळायला होतं.

आता चंद्र. यासाठी शुक्ल अष्टमीची संध्याकाळ निवडावी. सूर्यास्ताला पंधरा-वीस मिनिटं असताना मित्राला गच्चीवर किंवा मैदानात न्यावं. सूर्य पश्चिमेला टेकलेला असतो आणि अर्धा चंद्र जवळपास डोक्यावर. तीनच प्रश्न विचारायचे. आपली स्वतःची सावली कुठे पडलीय? पूर्वेकडे. मग पृथ्वीची सावली कुठल्या बाजूला पडली असेल? तिकडेच. आणि चंद्र कुठे आहे?

तिसऱ्या प्रश्नानंतर गप्प बसायचं. नव्वद टक्के घोटाळा इथे होतो: विचारणाऱ्याला राहवत नाही, उत्तर तोच देऊन टाकतो आणि मित्राचा अडखळण्याचा क्षण हिरावून घेतो. निदान दहा सेकंद थांबावं. चौथा-पाचवा प्रश्नही काढू नये, नाहीतर तोंडी परीक्षा सुरू झाल्यासारखं वाटतं.

आकडे हवे असतील तर असे. पृथ्वीची सावली सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला, १८० अंशांवर असते. चंद्राच्या अंतरावर तिच्या गडद भागाची रुंदी सुमारे ९,००० किलोमीटर भरते, आकाशात मोजली तर जेमतेम दीड अंश. हात लांब करून करंगळी डोळ्यासमोर धरली की ती साधारण एक अंश झाकते. एवढीशी सावली अष्टमीच्या चंद्रापासून नव्वद अंश दूर असते.

उपास करणाऱ्या मित्रासाठी तर याहून सोपा मार्ग घरच्या भिंतीवर टांगलेला असतो. तिथी म्हणजे चंद्र आणि सूर्य यांच्यातला बारा अंशांचा कोन. अमावास्या संपते तेव्हा हा कोन शून्य, आणि पुढे दर बारा अंशांना एक तिथी. शुक्ल अष्टमी म्हणजे ८४ ते ९६ अंश, कृष्ण चतुर्थी म्हणजे २१६ ते २२८. संकष्टीला रात्री नऊच्या सुमारास चंद्र पूर्वेला उगवतो तेव्हा पृथ्वीची सावली त्याच्यापासून ३६ ते ४८ अंश अंतरावर, पूर्वेच्याच आकाशात बरीच वर असते. तरीही चंद्राची वरची कड खाल्लेली दिसते. खाली, क्षितिजापलीकडे असलेल्या सूर्याकडची बाजू तेवढी उजळलेली. कलांचं खरं कारण पंचांगात शतकानुशतकं मांडलेलं आहे: चंद्राचा अर्धा गोल नेहमीच उजेडात असतो, बदलतो तो आपला पाहण्याचा कोन. त्याच पंचांगाच्या मागच्या पानावरचं राशिभविष्य मात्र या गणितातून निघत नाही, हेही जाता जाता सांगायला हरकत नाही.

पावसाळ्यात आकाश झाकलेलं असेल तर घरात करता येतं. एक पांढरा चेंडू, टेबल टेनिसचा चालेल, पेन्सिलीच्या टोकाला चिकटवून टाका. खोलीत एकच बल्ब हवा, डोक्याच्या उंचीवर, दोन-तीन मीटरवर. ट्यूबलाइट नको, ती लांबट असल्याने उजेड-अंधाराची कड पुसट होते. भिंती पांढऱ्या असतील तर परावर्तित उजेडाने चेंडूची अंधारी बाजूही उजळते. चेंडूमागे काळा कपडा टांगावा. चेंडू हात लांब करून बल्बकडे धरला की अमावास्या. तिथून डावीकडे, स्वतःभोवती हळूहळू फिरायचं. पाव फेरीला उजवी बाजू उजळलेला अर्धा चंद्र, अर्ध्या फेरीला पौर्णिमा.

मोठी फसगत पौर्णिमेला होते. चेंडू डोक्याच्याच उंचीवर धरला असेल तर स्वतःच्याच डोक्याची सावली त्यावर पडते आणि मित्र विजयी मुद्रेने म्हणतो, ‘बघ, सावलीच!’ चेंडू वीतभर वर धरायचा, म्हणजे तो पूर्ण उजळतो. चंद्राची कक्षाही पृथ्वीच्या कक्षेशी सुमारे पाच अंशांनी कललेली आहे, म्हणून बहुतेक पौर्णिमांना चंद्र सावलीच्या वरून किंवा खालून निसटतो. मग चेंडू मुद्दाम खाली आणावा. सावली पडते, ते ग्रहण. मित्राने पाहिलेली सावली खरी असते, तिचं नाव तेवढं त्याने चुकीच्या गोष्टीला दिलेलं असतं. हे सांगितलं की त्याला पूर्ण हार मानल्यासारखं वाटत नाही.

व्हॉट्सॲप ग्रुपवर यातलं काहीच जमत नाही. तिथे चाळीस जणांसमोर कुणी माघार घेत नाही. चूक मजकूर आला तर इतर वाचणाऱ्यांसाठी दोन ओळींत बरोबर माहिती टाकावी, मित्राचं नाव न घेता, आणि खरी चर्चा चहावर करावी. चुकीचा मजकूर ‘हे खोटं आहे’ असं वर लिहून पुन्हा फिरवणं टाळावं, कारण नुसत्या पुनरावृत्तीनेही विधान खरं वाटू लागतं. १९७७ पासून अनेक प्रयोगांत हे दिसलं आहे. २०१५ साली लिसा फाझिओ आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की बरोबर उत्तर माहीत असलेलेही यातून सुटत नाहीत. त्यांचं एक विधान मराठी वाचकाला गुदगुल्या करणारं आहे: स्कॉटलंडचे लोक घालतात त्या आखूड, चुण्यांच्या वस्त्राला साडी म्हणतात! त्याला किल्ट म्हणतात हे ठाऊक असलेल्यांनाही अशी विधानं दुसऱ्यांदा वाचताना थोडी जास्त खरी वाटली. म्हणून खरं आधी लिहावं, खोट्याचा उल्लेख एकदाच, तोही मध्ये.

विज्ञानाच्या नावाने फिरणाऱ्या दोन समजुतींनाही इथेच रजा द्यावी. पहिली, डनिंग-क्रुगर परिणामाचा, म्हणजे ज्याला कमी येतं तो स्वतःला जास्त येतं असं समजतो या निष्कर्षाचा, तो प्रसिद्ध आलेख, ज्यात अडाण्याचा आत्मविश्वास डोंगराएवढा दाखवतात. १९९९च्या मूळ शोधनिबंधात असा डोंगर नाहीच. शंभरात खालून बाराव्याच्या आसपास असणारे स्वतःला बासष्टाव्या जागी समजत होते, एवढंच त्यात आहे. तज्ज्ञांपेक्षा वर नव्हे. हा आलेख मित्राच्या तोंडावर फेकणाऱ्याने मूळ निबंध वाचलेला नसतो. दुसरी समजूत, पुरावा दाखवला की लोक उलट जास्त हट्टी होतात. २०१०च्या एका अभ्यासात तसं दिसलं होतं, पण नंतर थॉमस वुड आणि ईथन पोर्टर यांनी ५२ विषयांवर दहा हजारांहून अधिक लोकांवर तपासलं तेव्हा तसं आढळलं नाही. दुरुस्ती केली की लोक बहुधा थोडे तरी बरोबर बाजूला सरकतात.

हा सगळा सावकाशीचा कारभार निरुपद्रवी अज्ञानासाठी आहे. मित्र काढ्यावर भरवसा ठेवून इन्सुलिन किंवा रक्तदाबाची गोळी बंद करत असेल, किंवा ग्रहणाच्या नावाखाली घरातल्या गरोदर बाईला दिवसभर पाण्याविना बसवत असेल, तर प्रश्नोत्तरांचा खेळ करत बसू नये. पाणी आणि जेवण आधी, गोळीसाठी त्याच दिवशी डॉक्टर, यंत्रणा नंतर.

आणि एका बैठकीत काम झालं असंही धरू नये. अँड्र्यू श्टुलमन आणि जोशुआ व्हालकार्सेल यांनी २०१२ साली १५० शिकलेल्या प्रौढांना २०० विधानं खरी की खोटी ते झटपट ठरवायला सांगितलं. विज्ञान आणि लहानपणची समजूत जिथे परस्परविरोधी होती, तिथे लोकांना जास्त वेळ लागला आणि जास्त चुका झाल्या. जुनं स्पष्टीकरण पुसलं जात नाही, नवं त्याच्यावर बसतं. त्यामुळे चेंडूचा प्रयोग झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी, सकाळी दहाच्या सुमारास पश्चिमेकडे फिकट अर्धा चंद्र दिसेल अशा कृष्ण अष्टमीला, मित्रालाच सांगू द्यावं: सूर्य इकडे, चंद्र तिकडे, मग उजळलेली बाजू कोणती? या वेळी तो चुकला तर चेंडू आणि पेन्सिल पुन्हा काढावी.